टिकटिक होते, जाळ येत नाही: बांदोड्यातल्या एका गॅस गिझरचं प्रकरण

घर गोव्यातल्या बांदोड्याचं, नागेशीच्या उतारावरचं. मूळचं जांभ्याचं घर, पुढे त्यावर चढवलेली स्लॅब आणि एक खोली, मागे लांबट पडवी, पडवीला लागून न्हाणी. न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचं भाण अजून आहे, पण चूल पेटत नाही. भाणात कपडे भिजत पडतात. आंघोळीचं पाणी तापतं ते पडवीच्या भिंतीवर टांगलेल्या गॅस गिझरवर. मिनिटाला सहा लिटरचा, एलपीजीचा, दोन मोठ्या सेलवर चालणारा साधा गिझर. विजेचा का नाही घेतला, हा प्रश्न फोंडा तालुक्यात पावसाळा काढलेला माणूस विचारत नाही. पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो.

तक्रार जूनअखेरीस सुरू झाली आणि माझ्यापर्यंत आली ती श्रावणात, चवथीला पाहुणे यायच्या आधी. घरचे भाई निवृत्त शिक्षक, बोलणं नेमकं. तरी त्यांची तक्रार एकाच वाक्याची होती: "कधी पेटतो, कधी पेटत नाही." त्याआधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने नवे सेल घातले, गिझर लगेच पेटला. आठवड्याभरात पुन्हा तेच. मग त्याने कंट्रोल बॉक्स गेला असं सांगितलं आणि नवा मागवू का म्हणून विचारलं. भाईंनी होकार देण्याआधी मला बोलावलं.

कधीमधी होणारा बिघाड हा या धंद्यातला सगळ्यात फसवा बिघाड. कायमचा बंद पडलेला गिझर तपासायला सोपा, कारण तो तुमच्यासमोर बंदच असतो. अधूनमधून रुसणारा मात्र मेकॅनिक आला की शहाण्यासारखा वागतो. मग मेकॅनिक अंदाजाने एक भाग बदलतो, गिझर दोन दिवस चालतो आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. म्हणून त्या भेटीत मी झाकण उघडलंच नाही. घरच्या काकींना म्हटलं, "कॅलेंडरवर रोज खूण करा. कुठला नळ सोडला, किती वाजता, आणि गिझरने काय केलं."

काकींनी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं काम केलं. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत चार प्रकारच्या नोंदी होत्या. 'गप्प' म्हणजे नळ सोडला आणि काहीच आवाज नाही. 'टिकटिक' म्हणजे ठिणगीचा आवाज येतो, जाळ नाही. 'भप' म्हणजे टिकटिक बराच वेळ, मग दणका देऊन जाळ. आणि 'विझला' म्हणजे पेटला, पण चारपाच मोजेपर्यंत गेला. एका तक्रारीच्या पोटात चार तक्रारी होत्या, आणि चारही गिझरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या.

हे टप्पे कळले नाहीत तर पुढचं सगळं अंधारात चालतं, म्हणून थोडक्यात सांगतो. नळ सोडला की पाणी गिझरच्या तळाच्या पितळी भागातून वाहतं. तिथे रबराचा एक पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. वाहत्या पाण्यामुळे त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि एक दांडी पुढे ढकलतो. ती दांडी दोन कामं करते: गॅसचा पहिला दरवाजा उघडते आणि मायक्रोस्विच दाबते. मायक्रोस्विच लागला की सेलची वीज कंट्रोल बॉक्सला मिळते. बॉक्स ती हजारो व्होल्टपर्यंत चढवून इलेक्ट्रोडच्या टोकाशी ठिणग्या पाडतो आणि त्याच वेळी गॅसचा दुसरा दरवाजा, म्हणजे विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, उघडतो. जाळ आला की त्यात दुसऱ्या इलेक्ट्रोडचं टोक बुडतं. जाळातून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा असा प्रवाह बर्नरकडे वाहतो. तो दिसला की बॉक्सची खात्री पटते आणि ठिणगी थांबते. काही सेकंदांत तो दिसला नाही तर बॉक्स गॅस बंद करतो. म्हणजे आधी पाणी, मग वीज, मग ठिणगी आणि गॅस एकत्र, शेवटी जाळाची खूणगाठ. गाडी कुठल्या स्टेशनावर अडली ते बहुतेक वेळा कानांनीच कळतं.

आता काकींच्या नोंदींकडे. 'गप्प' बहुतेक वरच्या न्हाणीतल्या शॉवरला होतं आणि क्वचित खालच्या नळाला. 'टिकटिक' आणि 'भप' जवळजवळ सगळे सकाळचे. मुलगा वेर्ण्याला कारखान्यात जातो, त्यामुळे पहिली आंघोळ सहाच्या सुमारास. संध्याकाळच्या नोंदी बऱ्याचशा कोऱ्या, म्हणजे गिझर पहिल्या झटक्यात पेटलेला. 'विझला' मोजकेच आणि पावसाच्या झोडीच्या दिवसांत.

वरच्या शॉवरचं प्रकरण आधी संपवतो, कारण ते वेगळंच होतं आणि उगाच बाकीच्यांत मिसळलं होतं. टाकी स्लॅबवर जेमतेम मीटरभर उंचीच्या कट्ट्यावर. शॉवरचं तोंड वरच्या खोलीच्या जमिनीपासून दोन मीटरवर. टाकी तळाला गेली असेल तेव्हा पाण्याच्या पातळीपासून शॉवरपर्यंत दोन मीटर उंचीसुद्धा नीट मिळत नाही, आणि त्यातलं काही पाईपच्या वळणांतच खर्च होतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. घरगुती गिझरांना सहसा ०.२ ते ०.३ बार लागतो, म्हणजे दोन ते तीन मीटर. टाकी भरलेली असली तर शॉवर कसाबसा गिझर चालू करत होता, अर्धी झाली की नाही. त्याच न्हाणीतला बादलीचा नळ शॉवरहून सव्वा मीटर खाली, तिथे ही अडचण नव्हती. त्यात भर म्हणून गिझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत लाल गाळ बसला होता. उन्हाळ्यात टाकी विहिरीच्या पाण्याने भरतात, विहीर जांभ्याची. जाळी ब्रशने धुतली, शॉवरची भोकं मोकळी केली, डायफ्राम काढून उजेडासमोर धरून पाहिला. तो मऊ होता, चीर नव्हती, तसाच परत बसवला. खालच्या नळाला मायक्रोस्विचची 'टिक्' दरवेळी स्वच्छ ऐकू येऊ लागली. पाण्याचा टप्पा इथे सुटला.

पण खालच्या नळाला मायक्रोस्विच वाजूनही गिझर गप्प राहिल्याची नोंद होती. म्हणजे पाण्याने आपलं काम केलं, विजेने केलं नाही. इथे सेलचं कोडं येतं. सेल बदलले की गिझर आठवडाभर नीट चालतो, मग पुन्हा रुसतो. कोणालाही वाटेल की कंट्रोल बॉक्स सेल खातोय. पहिल्या मेकॅनिकला तेच वाटलं होतं, आणि त्याचा तर्क अगदीच वाईट नव्हता.

मेकॅनिकने काढलेले जुने सेल मी मागितले. काकींनी ते फेकले नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाला चालतील म्हणून डब्यात ठेवले होते. खरं तर घड्याळाला हे मोठे सेल बसत नाहीत, पण घरात काही फेकायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो माझ्या पथ्यावर पडला. मल्टिमीटरवर प्रत्येकी दीड व्होल्टच्या जवळपास. मेलेले नव्हतेच. मग गिझरमधले सेल जागेवर असतानाच मोजले. रेग्युलेटर बंद, पाणी सोडलेलं, ठिणगी पडतेय. सेलच्या थेट टोकांवर २.८ व्होल्ट, पण बॉक्सला जाणाऱ्या तारांवर दोनच्या खाली. मधले जवळजवळ एक व्होल्ट कुठे जात होते? सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर. स्प्रिंगवर हिरवट पांढरी भुकटी जमली होती, पितळी पट्टीवरही. ठिणगीची मागणी आली की ही भुकटी वीज अडवते. नवे सेल घालताना जुने ओढून काढावे लागतात, नवे दाबून फिरवावे लागतात, आणि त्या घासाघाशीत स्प्रिंग आपोआप खरवडली जाते. आठवडा चांगला जात होता तो या खरवडण्यामुळे. पडताळा घेणं सोपं होतं. स्प्रिंग आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली, कोरड्या फडक्याने पुसली आणि डब्यातले जुने सेलच परत घातले. बॉक्सकडे २.७ व्होल्ट पोहोचले. गिझर पेटला.

बॉक्स निर्दोष सुटला. पण गोव्यातल्या हवेत धातू गंजतो, हे उत्तर मला पुरेसं वाटेना. बांदोडा काही समुद्रकाठी नाही, आणि हाच गिझर आधीचे पावसाळे याच भिंतीवर काढून आलाय. मग याच वर्षी असं काय झालं?

हा प्रश्न बाजूला ठेवून सकाळच्या टिकटिकीकडे वळलो. भाईंचा स्वतःचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकण्यासारखा होता. घरात सिलिंडर एकच, स्वयंपाकघरात. त्याच्यावरून टी जोडून एक पाईप शेगडीला, एक पडवीत गिझरला. "सकाळी एका शेगडीवर चहा, दुसरीवर भाजी. गॅस तिथेच संपतो, गिझरला उरत नाही. संध्याकाळी शेगडी बंद, म्हणून पेटतो. बरोबर आहे की नाही?"

तर्क बिनतोड वाटणारा. नोंदींशीही जुळत होता. फक्त जुळणं म्हणजे कारण असणं नव्हे, आणि हे तपासायला काही महागडं लागत नाही. पहिली तपासणी कोणीही घरी करू शकतो: शेगडी मोठ्या आचेवर ठेवून गिझर चालू करा आणि शेगडीच्या जाळाकडे पाहा. गिझर पेटताच शेगडीचा जाळ निम्म्यावर आला तर गॅसची वाट अरुंद आहे. इथे जाळ किंचित दबला, इतकंच. दुसरी तपासणी मेकॅनिकची, घरच्यांनी करायची नाही: पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून, पाणी भरून, गॅसच्या वाटेला जोडायची आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक पट्टीने मोजायचा. घरगुती रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम दाबाने गॅस देतो, म्हणजे पाण्याचा साधारण ३० सेंटिमीटर फरक. सगळं बंद असताना तो ३३ होता, एकटा गिझर चालू असताना २९, गिझर आणि दोन्ही शेगड्या चालू असताना २७. यात गिझर न पेटण्यासारखं काही नाही. पाईपही जाड रबराचा, आत तारेची जाळी असलेला, मुदतीतला होता.

तरी भाईंचं समाधान होईना, तेव्हा तिसरी तपासणी त्यांच्यावरच सोपवली. काही सकाळी आधी आंघोळ, मग चहा. शेगडी थंड असतानाही गिझर तसाच टिकटिकत राहिला. गॅसची बाजू तिथे मिटली. दुसरा सिलिंडर आणि नवा रेग्युलेटर घ्यायची तयारी त्यांनी केली होती, तो खर्च वाचला.

मग सकाळी असं काय असतं जे संध्याकाळी नसतं? शेगडीशिवाय आणखी एक गोष्ट: सकाळची आंघोळ ही रात्रभर बंद राहिलेल्या, थंड गिझरवरची पहिली आंघोळ असते.

पहाटे अंधार असतानाच गेलो. रेग्युलेटर बंद केला, समोरचं झाकण काढलं, काकींना नळ सोडायला सांगितलं आणि ठिणगीकडे पाहत राहिलो. गॅस बंद असल्याशिवाय हे कोणी करू नये. चांगली ठिणगी इलेक्ट्रोडच्या टोकापासून बर्नरवर उडी मारते, तीन ते पाच मिलिमीटरचं अंतर, आणि आवाज कोरडा, कडक येतो. इथे आवाजच मऊ होता, चरचरल्यासारखा. आणि ठिणगी टोकाशी नव्हती. इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या चिनीमातीच्या अंगावरून एक बारीक निळा धागा सरपटत खाली पत्र्यात जात होता. विजेला हवेतून उडी मारण्यापेक्षा ओल्या, काजळी धरलेल्या पृष्ठभागावरून जाणं सोपं. चिनीमाती दमट होती, बोटाला ओल लागत होती, आणि तिच्यावर काळपट थर होता. काजळी म्हणजे कार्बन, तीही वीज वाहून नेते. आवाज येत होता म्हणून सगळ्यांना वाटत होतं की ठिणगी पडतेय. पडत होती, पण गॅसपासून दूर.

काकींच्या सुनेकडून केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला. गॅस बंदच, आसपास कुठेही गॅसचा वास नाही याची खात्री करून, इलेक्ट्रोडच्या मुळाशी दोन मिनिटं गरम हवा दिली. मग झाकण लावलं, गॅस सोडला, नळ उघडला. जाळ पहिल्या दोनतीन ठिणग्यांतच. संध्याकाळी गिझर का पेटायचा याचाही उलगडा झाला: सकाळच्या आंघोळींनी तो आतून भाजून कोरडा झालेला असायचा.

'विझला' या नोंदींचं मूळही इथेच. जाळाची खूण पटवणारा दुसरा इलेक्ट्रोड त्याच ओलीत, त्याच काजळीत. जाळातून मिळणारा प्रवाह आधीच अगदी थोडा. टोकावर थर असला किंवा बुंध्याशी ओल असली की बॉक्सला समोरचा जाळ दिसत नाही आणि तो इमानदारीने गॅस बंद करतो. बॉक्स बदलून यात काय फरक पडला असता?

आता ते बाजूला ठेवलेलं कोडं. ओल कुठून आली? पावसाची म्हणावी तर गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो दरवर्षी पडतो. आणि काजळी तर पावसाने येत नाही. निरोगी गिझरचा जाळ निळा असतो, त्याला काजळी धरत नाही. या गिझरचा जाळ बघायला थांबलो तर पाच मिनिटं निळा होता, मग त्याची टोकं पिवळी पडत गेली. कपाळावर घाम आला. पडवीत श्वास घेताना जड वाटत होतं.

पडवीत मी बरेचदा उभा राहिलो होतो, पण तिच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. तिन्ही बाजूंना निळी ताडपत्री, छपरापासून जमिनीपर्यंत, खाली विटा ठेवून घट्ट दाबलेली. "हे दरवर्षी लावता?" म्हटलं. काकी म्हणाल्या, "नाही रे. आधी पावसाचं पाणी आत यायचं, आम्ही तसंच चालवायचो. यंदा वॉशिंग मशीन घेतलं ना, ते भिजू नये म्हणून मे महिन्यात पुताने ताडपत्री मारून दिली."

इथे थोडा हिशेब करू. सहा लिटर पाणी मिनिटाला पंचवीस अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. गिझरमधून काही उष्णता धुराबरोबर वाया जाते हे धरलं तर बारा किलोवॅटच्या आसपास जाळावी लागते, म्हणजे मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम एलपीजी. सकाळच्या सगळ्या आंघोळी मिळून गिझर पूर्ण जोरावर अर्धा तास चालला तर जवळपास अर्धा किलो गॅस जळतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोघांतही हायड्रोजन भरपूर, त्यामुळे एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. रोज सकाळी त्या बंद पडवीत पाऊण लिटर पाण्याची वाफ सोडली जात होती, धुराड्याशिवाय. ती जाणार कुठे? ताडपत्रीवर, भिंतीवर, आणि गिझर थंड झाला की त्याच्या पत्र्यावर, इलेक्ट्रोडवर, सेलच्या स्प्रिंगवर. वर शेजारी वॉशिंग मशीन आणि दोरीवर न वाळणारे कपडे.

दुसरा हिशेब हवेचा. एक किलो एलपीजी जळायला बारा ते तेरा घनमीटर हवा लागते. अर्ध्या किलोला सहा. पडवी चार मीटर लांब, दोन रुंद, अडीच उंच, म्हणजे वीस घनमीटर. घट्ट दाबलेल्या ताडपत्रीआड एका सकाळीत पडवीतल्या जवळजवळ एक तृतीयांश हवेइतका ऑक्सिजन गिझर एकटाच ओढत होता आणि वर आपलाच धूर परत आत घेत होता. जाळ पिवळा पडला, काजळी धरली, हे त्याचंच फळ. गंजलेली स्प्रिंग, सरपटणारी ठिणगी आणि विझणारा जाळ या तिन्ही तक्रारींची मुळं त्या निळ्या कापडात होती. गिझर तोच होता. त्याच्या भोवतीची पडवी मे महिन्यात बदलली होती, आणि यंत्र तपासणारा माणूस सहसा यंत्राच्या झाकणाबाहेर बघत नाही.

न पेटण्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, अंग गळून जातं, आणि माणसाला वाटतं वाफेने गुदमरलं. न्हाणीचं दार याच पडवीत उघडत होतं. सुनेने आपणहून सांगितलं की आंघोळीनंतर कपडे धुवायला पडवीत उभी राहिली की डोकं जड होतं, पावसाची हवा बाधली असेल असं तिला वाटत होतं. माझ्याकडे तो वायू मोजायचं यंत्र नव्हतं, तेव्हा तिच्या डोकेदुखीचं कारण तेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ताडपत्री त्याच दिवशी उतरवायला लावली. दुरुस्ती नंतर, आधी हे. "मशीन भिजलं तर पुसता येतं," एवढंच काकींना म्हटलं.

गॅस गिझर न्हाणीच्या आत बसवू नये, हे आता बऱ्याच लोकांना माहीत झालंय. पण पडवीत बसवलेला गिझर पुढे पडवीच बंद करून आपण पुन्हा खोलीत ओढतो, हे लक्षात येत नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांत पावसाआधी पडवीला ताडपत्री, पत्रा, नाहीतर सरकत्या काचा लागतात. मागच्या बाजूला गिझर आहे याची आठवण काचा लावणाऱ्याला कोण करून देणार?

उरला 'भप'. उशिरा पेटणाऱ्या गॅसचा दणका हलक्यात घ्यायचा नसतो. टिकटिक चालू असताना गॅस साचत राहतो आणि मग एकदम पेट घेतो. एलपीजी हवेपेक्षा जड, हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटतो. ओल्या इलेक्ट्रोडमुळे उशीर होत होताच, पण पुसून कोरडा केल्यावरही एकदोनदा छोटा दणका आला. तेव्हा बर्नर खाली उतरवला. बर्नरच्या ओळीत पट्ट्या असतात, प्रत्येकीला गॅस आणि हवा आत घ्यायचा गळा. इलेक्ट्रोडच्या बरोबर समोरच्या पट्टीच्या गळ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. उन्हाळ्यात इथे कोण गरम पाण्याने आंघोळ करतो? मार्च ते मे गिझर बंद, आणि कुंभारणीला असं सुरक्षित भोक दुसरीकडे कुठे मिळणार. ठिणगी पडायची तिथेच गॅस पुरेसा नव्हता. शेजारच्या पट्टीतला गॅस पसरत ठिणगीपर्यंत पोहोचायचा तेव्हा कुठे जाळ धरायचा, आणि तोवर पेटीत बराच गॅस जमलेला असायचा. माती ओली करून, मऊ ब्रशने काढली. गॅस जिथून फुटतो त्या बारीक तोटीच्या, म्हणजे जेटच्या, भोकात तार घातली नाही. तारेने भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि जाळ बिघडतो तो कायमचा.

इलेक्ट्रोडच्या चिनीमातीला तडा नव्हता, म्हणून नवा घातला नाही. काजळी पुसली, टोक बारीक पेपरने घासलं, अंतर तपासलं. वरचे तांब्याचे पंखे, म्हणजे जाळाची उष्णता पाण्याला देणारे पातळ पत्रे, काजळीने भरत आले होते, तेही धुऊन वाळवले. पंखे तुंबले की धूर वर जात नाही आणि जाळ आणखी पिवळा पडतो. शेवटी साबणाच्या पाण्याने सगळे गॅसचे जोड तपासले. ज्या यंत्राचा गॅसचा भाग उघडला त्याची ही तपासणी केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. एकही नवा भाग लागला नाही. सेलसुद्धा तेच.

पडवीचं काय करायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. मशीन भिजता कामा नये ही काकींची अट, आणि ती चुकीची नव्हती. ताडपत्री पूर्ण काढून टाकण्याऐवजी मशीन पडवीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं आणि पावसाची झोड येते त्या नैर्ऋत्येच्या एकाच बाजूला ताडपत्री ठेवली, तीही छपराखाली दीड हात मोकळी सोडून आणि जमिनीपासून हातभर वर. गिझरची बाजू पूर्ण उघडी. धूर आणि वाफ वरून जाते, आणि कधी गळतीचा गॅस असलाच तर तो जड म्हणून खालून जातो. पडवीत तेवढं पाणी येतं, पूर्वीही येत होतंच.

घरच्यांना दोन गोष्टी भाईंच्या अक्षरात गिझरशेजारी लिहून लावायला सांगितल्या. एक: दोनदा नळ सोडून पेटला नाही तर तिसऱ्यांदा सोडायचा नाही, पाणी बंद, गॅस बंद, पाच मिनिटं थांबायचं, आणि काचेतून डोकावून बघायचं नाही. दोन: गॅसचा वास आला तर दिवा-पंख्याच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. मार्चमध्ये गिझर बंद करताना सेल काढून ठेवायचे आणि जूनमध्ये सुरू करण्याआधी बर्नर एकदा बघून घ्यायचा, हेही सांगितलं.

काकींनी चवथीपर्यंत नोंदी चालू ठेवल्या. खालच्या नळाचे चौकोन कोरे राहिले, सकाळचेही. वरच्या शॉवरचे 'गप्प' मात्र टाकी अर्धी झाली की येतच राहिले, आणि ते येणारच होते. त्याला उपाय दोनच: टाकीचा कट्टा आणखी मीटरभर वाढवायचा, नाहीतर दाब वाढवणारा छोटा पंप बसवायचा. पंप विजेवर, म्हणजे वीज गेली की पुन्हा तेच. कट्ट्याला गवंडी हवा, आणि पावसात गवंडी मिळत नाही. पाहुण्यांना वर बादली दिली.